चतुःसीमेवरून सापडलेला माणूस

चार महिने मी चुकीच्या माणसाच्या मागे होते. नाव तेच, काऊंटी, म्हणजे अमेरिकेतला जिल्हा, तीच, वयही जुळणारं, पण माणूस दुसरा. तो दुसरा आहे हे मला कुठल्या अमेरिकन तज्ज्ञाने दाखवलं नाही. वाईजवळच्या आमच्या गावात बसलेल्या माझ्या वडिलांनी, निवृत्त तलाठ्याने, फोनवरून दाखवलं.

ज्याची वंशावळ मी शोधत होते ते घराणं सासूबाईंच्या माहेरचं. त्या इंडियानातल्या, शेतकऱ्याच्या घरच्या. त्यांचे थोरले भाऊ गेले तेव्हा घर आवरताना पत्र्याची एक पेटी हाती आली. आत एक जाडजूड जर्मन बायबल होतं, एक पिवळा पडलेला जमिनीचा कागद आणि एका थडग्याचा फोटो. सासूबाई म्हणाल्या, "आमच्यात सांगतात की तिघे भाऊ जहाजातून आले. आणि एक पणजी चेरोकी, म्हणजे मूळनिवासी जमातीची होती. जॅक्सन अध्यक्षांनी स्वतः सही करून आम्हाला जमीन दिली. यातलं खरं काय ते मला डोळे मिटायच्या आत कळलं पाहिजे." बायबलमधली जन्ममृत्यू लिहायची पानं मात्र कुणीतरी फाडून नेलेली होती. नुसते टोकेरी काठ उरले होते. त्या काठांवरून त्या बोट फिरवत राहिल्या, आणि मी हे काम अंगावर घेतलं. आडनाव इथे देत नाही, घराण्यातली माणसं हयात आहेत.

शिरगणतीपासून सुरुवात करायची आणि आजपासून मागे जायचं, उडी मारायची नाही, एवढं मला ठाऊक होतं. अमेरिकेत शिरगणतीचे तपशील ७२ वर्षांनी खुले होतात, त्यामुळे १९५० ची मोजणी २०२२ च्या एप्रिलमध्ये सर्वांसाठी उघडली. तिच्यात सासूबाई सापडल्या, सहा वर्षांच्या. स्वतःचं नाव बघून त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. तिथून १९४०, १९३०, १९२०, १९१०, १९०० असं मागे गेले. १८९० ची मोजणी जवळजवळ नाहीच, १९२१ साली वॉशिंग्टनमधल्या आगीत ती नासली. १८८० च्या मोजणीत मात्र प्रत्येकाच्या आईवडिलांचं जन्मराज्य लिहिलेलं असतं. सासूबाईंच्या खापरपणजोबांपुढे लिहिलं होतं: वडील टेनेसी, आई टेनेसी. १८५० मध्ये ते वडील स्वतः भेटले, वय ४६. थोरली मुलं टेनेसीत जन्मलेली, १८३२ नंतरची सगळी इंडियानात. म्हणजे बैलगाड्या १८३१-३२ च्या सुमारास उत्तरेला निघाल्या.

आणि इथे रस्ता संपतो. १८५० ही पहिली मोजणी, जिच्यात घरातल्या प्रत्येक स्वतंत्र माणसाचं नाव आहे. तिच्या आधी फक्त कुटुंबप्रमुखाचं नाव, बाकीचे म्हणजे वयोगटांच्या चौकटीतले आकडे. बायका-मुलं तिथे आकडा होऊन बसलेली असतात.

टेनेसीतल्या ग्रीन काऊंटीत १८३० च्या मोजणीत आमच्या आडनावाची माणसं होती. त्याआधीचं विचारू नका. या भागाची १७९० ची, १८०० ची आणि १८१० ची यादी गेलेली, पूर्व टेनेसीची १८२० चीही गेलेली. चाळीस वर्षांचं भगदाड. जुन्या करयाद्यांमध्ये मात्र एकाच नावाचे दोघे होते, एकाच्या पुढे सीनियर, दुसऱ्याच्या पुढे ज्युनियर. मी म्हटलं, झालं, हा बाप आणि हा मुलगा. लोकांनी इंटरनेटवर टाकलेल्या वंशवृक्षांतही असंच होतं, एक-दोन नाही, वीसेक वृक्षांत. चार महिने मी त्या सीनियरची मुलंबाळं, मृत्युपत्र, चर्च धुंडाळलं, आणि काहीच सांधत नव्हतं. आमच्या माणसाचं नाव त्या सीनियरच्या वारसांत नव्हतंच.

आबांशी, म्हणजे वडिलांशी, रोज बोलणं होतंच. एका संध्याकाळी मी त्यांना हा गुंता सांगितला. ते म्हणाले, "बाळ, नावावर माणूस शोधू नये. आपल्या गावात एकाच नावाचे सात खातेदार होते. सातबारा उतारा नावावर दिसतो, पण माणूस पटतो तो चतुःसीमेवरून. पूर्वेला कोण, पश्चिमेला कोण, ओढा कुठल्या अंगाला. तुझ्या त्या माणसाच्या जमिनीचं खरेदीखत बघ. चतुःसीमा वाच."

अमेरिकेच्या या जुन्या राज्यांमध्ये, व्हर्जिनिया, नॉर्थ कॅरोलिना, टेनेसी, केंटकी इथे, जमिनीची मोजणी चौकोनी नाही. खरेदीखतात सुरुवातच अशी असते: अमक्याच्या कोपऱ्यावरच्या पांढऱ्या ओकपासून सुरू, तिथून उत्तरेकडून ३५ अंश पूर्वेला १२० पोल एका खुंट्यापर्यंत, तिथून तमक्याच्या हद्दीने ओढ्यापर्यंत, ओढ्याच्या वळणावळणाने खाली, आणि शेवटी पुन्हा त्याच ओकपाशी. म्हणजे चतुःसीमाच, फक्त चारच्या जागी कधी सात बाजू, कधी अकरा. पोल म्हणजे साडेसोळा फूट. हे मी आबांना सांगितलं आणि ते खुर्चीत सरळ झाले. "साडेसोळा? अगं, तेहेतीस फुटांची साखळी म्हणजे दोन पोल की! तेहेतीस गुणिले तेहेतीस म्हणजे गुंठा. चार चौरस पोलांचा आपला एक गुंठा होतो." हिशेब बरोबर होता. एकरात १६० चौरस पोल, एकरात चाळीस गुंठे. मोजणी दोन्हीकडे इंग्रजांनीच शिकवलेली. त्या दिवसानंतर आबा या कामात माझ्याइतकेच गुंतले.

ग्रीन काऊंटीच्या जुन्या खरेदीखतांच्या वह्यांचे फोटो फॅमिलीसर्चवर आहेत. ही संस्था सॉल्ट लेक सिटीतल्या मॉर्मन चर्चची, आणि त्यांचं काम कुणालाही फुकट बघता येतं. पण पुष्कळशा जुन्या वह्यांचं पान न् पान स्वतः उलटावं लागतं. मागे अनुक्रमणिका असते ती विकणाऱ्याच्या नावाची वेगळी, घेणाऱ्याची वेगळी. मी दोन्ही नावांची झाडून सगळी खतं उतरवली, मुलाच्या कंपासपेटीतला कोनमापक घेतला आणि आलेखाच्या कागदावर एकेक जमीन काढली. रात्री कागदाचा फोटो आबांना पाठवायचा, सकाळी त्यांचा निरोप यायचा: "आकृती बंद होत नाही. तिसरी बाजू परत वाच." लेखनिकाने पश्चिमेच्या जागी पूर्व लिहिलेलं असायचं. आबांना ते न बघता कळायचं.

तीन आठवड्यांत चित्र स्वच्छ झालं. सीनियरच्या जमिनी सगळ्या दक्षिणेला, नोलिचकी नदीकाठी. ज्युनियरची जमीन उत्तरेच्या अंगाला लिक क्रीकवर. दोघांचा एकही शेजारी सामायिक नाही. आणि लिक क्रीकच्या जमिनीचं १८३१ चं एक विक्रीपत्र सापडलं, आमच्याच खापरखापरपणजोबांनी केलेलं, इंडियानाला निघण्याआधी. त्यात लिहिलं होतं की ही तीच जमीन, जी विकणाऱ्याला वडिलांनी मृत्युपत्राने दिली. म्हणजे बाप ज्युनियर! त्या काळच्या कागदांत सीनियर आणि ज्युनियर म्हणजे बाप-लेक असं नव्हतंच. एका गावात एका नावाचे दोघे असले की वयाने मोठा तो सीनियर, इतकंच. मोठा मेला की धाकटा स्वतःच सीनियर व्हायचा. आपल्याकडे थोरली पाती-धाकटी पाती म्हणतात तसं. पुढे कळलं, ते काका-पुतणे होते.

असे फसवे शब्द त्या कागदांत पुष्कळ आहेत, आणि प्रत्येकाने मला एकदा तरी अडवलं. 'ऑर्फन' म्हणजे बाप गेलेलं मूल, आई घरात धडधाकट असली तरी. 'इन्फंट' म्हणजे एकवीस वर्षांखालचा कुणीही, मग तो वीस वर्षांचा दाढीवाला का असेना. 'फादर-इन-लॉ' कधी सासरा, कधी सावत्र बाप. थडग्यावर 'कॉन्सॉर्ट' असेल तर बायको नवऱ्याआधी गेली, 'रेलिक्ट' असेल तर ती विधवा. पेटीतल्या फोटोतल्या थडग्यावर 'रेलिक्ट' होतं. हे कळलं तेव्हा मी १८४० ची इंडियानाची मोजणी परत काढली.

या मोजणीची एक गंमत फार थोड्यांना माहीत असते. प्रत्येक नोंद दोन पानांवर पसरलेली आहे, आणि लोक डावं पान बघून पुढे जातात. उजव्या पानावर एक रकाना आहे: स्वातंत्र्ययुद्धातल्या किंवा सैन्यातल्या सेवेबद्दल पेन्शन मिळणाऱ्यांची नावं आणि वय. आमच्या घराच्या ओळीत डाव्या पानावर एका म्हाताऱ्या बाईचा नुसता आकडा होता. उजव्या पानावर तिचं नाव होतं, त्या ज्युनियरच्या विधवेचं, वय ७२. मी स्वयंपाकघरातून सासूबाईंना हाक मारली.

पेन्शनच्या फायली वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय अभिलेखागारातल्या. १८३८ च्या कायद्याने, ज्या विधवांचं लग्न १७९४ च्या आधी झालं होतं त्यांना पाच वर्षांसाठी पेन्शन मिळू लागली. पण लग्न झालं हे सिद्ध करायला हवं. या बाईचं लग्न १७८७ साली व्हर्जिनियाच्या रॉकिंगहॅम काऊंटीत, लुथरन पाद्र्याने लावलेलं, दाखला नाही. म्हणून तिने इंडियानाच्या न्यायालयात शपथेवर सगळं सांगितलं. माहेरचं नाव, कुठे राहायची, नवरा १७८१ साली व्हर्जिनियाच्या मिलिशियातून, म्हणजे नागरिकांच्या सैन्यातून, यॉर्कटाऊनच्या बाजूला कसा गेला, परत आला तेव्हा काय अवस्था होती. खाली सही नाही, तिची खूण. आणि पुरावा म्हणून तिने जे जोडलं होतं ते फाईलच्या शेवटच्या तीन पानांवर होतं: जर्मन बायबलमधून फाडलेली पानं. मुलांचे जन्म, एकाखाली एक.

सासूबाईंनी पेटीतलं बायबल आणलं. पडद्यावरच्या पानाचा काठ आणि पुस्तकातला काठ आम्ही शेजारी शेजारी धरला. वरून तिसऱ्या बोटावर जो खाचा पुस्तकात होता, तोच पानावर उलटा होता. सासूबाई रडल्या. मीही. कुणी पोराने खोडसाळपणे फाडली असतील, असं घरात पिढ्यान्‌पिढ्या सांगत आले होते, आणि ती एका सत्तरीच्या बाईने पोटासाठी फाडून सरकारला दिली होती.

ती पानं वाचायला मात्र महिना गेला. जर्मन भाषेची ती जुनी धावती लिपी, कुरेंट. तिच्यात ई आणि एन सारखेच दिसतात, यू ओळखायचा तो डोक्यावरच्या अर्धवर्तुळावरून. माझे आजोबा मोडी वाचायचे. लहानपणी त्यांच्या मांडीवर बसून मी विचारायचे की ही अक्षरं तुटत का नाहीत, तेव्हा ते म्हणायचे, शब्द बघ, अक्षर नको. कुरेंटलाही तेच लागू पडलं. महिन्यांची नावं आधी ओळखली, त्यांवरून अक्षरं बसवली, आणि मग नावं उलगडली. सगळ्या मुलग्यांचं पहिलं नाव योहान. चार भाऊ, चौघेही योहान! हे जर्मन घरांत सर्रास असायचं. पहिलं नाव बाप्तिस्म्याचं, हाक मारायचं ते दुसरं. हे न कळल्यामुळे कितीतरी वंशवृक्षांत 'पहिला मुलगा वारला म्हणून तेच नाव दुसऱ्याला ठेवलं' अशा खोट्या मृत्यूंच्या नोंदी झाल्या आहेत.

पेटीतल्या जमिनीच्या कागदाचंही इथेच उरकते. तो १८३४ चा आहे, मध्य इंडियानातले ८० एकर, एकरी सव्वा डॉलरने घेतलेले, म्हणजे १०० डॉलर. अँड्र्यू जॅक्सनचं नाव आहे, पण १८३३ पासून असल्या कागदांवर अध्यक्षांच्या वतीने सचिव सही करत असे. सासूबाईंना वाईट वाटेल म्हणून मी सांगायचं टाळत होते. त्या म्हणाल्या, "शंभर डॉलर मोजले ना रोख? मग झालं." चेरोकी पणजीचा एकही पुरावा कुठे मिळाला नाही. ज्या बाईबद्दल ती कथा होती, ती दोन्ही बाजूंनी जर्मन निघाली, आणि सासूबाईंच्या डीएनए चाचणीतही काही दिसलं नाही.

आता ते मृत्युपत्र.

लिक क्रीकवरच्या त्या ज्युनियरने १८२३ साली मृत्युपत्र केलं आणि त्याच वर्षी तो गेला. बायकोला घर, गाय, चरखा, बायबल. मुलाला जमीन. आणि त्यानंतर चार माणसं. एक बाई बायकोला. त्या बाईचा मुलगा एका लेकीला, तिची मुलगी दुसऱ्या लेकीला. एक तरुण पुरुष विकून येणाऱ्या पैशांची वाटणी. पुढच्या पानावर मालमत्तेची यादी होती: नांगर, दोन घोडे, मधमाश्यांच्या पेट्या, आणि त्याच ओळींत ही चौघं, प्रत्येकापुढे डॉलरचा आकडा. आडनाव नाही. मुलीपुढे वय लिहिलं होतं, सुमारे पाच.

मी ते रात्री अकराला वाचलं आणि संगणक बंद केला. दोन दिवस कुणालाच सांगितलं नाही. व्हर्जिनियाच्या खोऱ्यातून आलेले हे जर्मन शेतकरी स्वतःच राबायचे, गुलाम ठेवायचे नाहीत, असं मी तोवर मनाशी धरून चालले होते. पुष्कळांनी ठेवले नाहीत हे खरं. पण यांनी ठेवले. आणि 'तो काळच तसा होता' हे वाक्य मनात आलं, तेही मला टिकवता आलं नाही. कारण १८२२ ते १८२४ या वर्षांत, त्याच काऊंटीच्या ठाण्याच्या गावी, ग्रीनव्हिलमध्येच, बेंजामिन लंडी नावाचा क्वेकर पंथाचा ख्रिस्ती माणूस गुलामगिरीविरुद्ध वर्तमानपत्र छापत होता. जवळच्याच जोन्सबरोमध्ये एलिहू एम्ब्रीने १८२० साली तेच केलं होतं. म्हणजे मृत्युपत्राची नोंद झाली त्या न्यायालयाच्या गावात हे चूक आहे असं छापून निघत होतं. वाचता येणाऱ्याला वाचता येत होतं.

सासूबाईंना सांगितलं. त्यांनी विचारलं, "नावं आहेत?" मी म्हटलं आहेत. "वाच." मी चारही नावं वाचली. त्या म्हणाल्या, "परत वाच." मग थोड्या वेळाने म्हणाल्या, "पुढे काय झालं त्यांचं ते शोध. आमच्याआधी ते शोध."

तेव्हा मी व्हर्जिनियाकडे जायचं थांबवलं आणि सात महिने या चौघांच्या मागे लागले. आमच्या माणसांपेक्षा हे काम कितीतरी कठीण होतं. १८५० आणि १८६० च्या मोजणीत गुलामांच्या वेगळ्या याद्या आहेत, पण त्यांत बहुतेक ठिकाणी नुसतं मालकाचं नाव, खाली वय, लिंग, वर्ण. मुक्त झालेल्या सगळ्यांची नावं मोजणीत येतात ती १८७० पासून. मधल्या काळात माणूस सापडतो तो मालकाच्या कागदांतूनच, विकला गेला, वाटणीत गेला, गहाण पडला तेव्हा. मुलाच्या आणि मुलीच्या बाबतीत मला लेकींच्या सासरची खतं तपासावी लागली. मुलगी १८४० च्या सुमारास एका वाटणीपत्रात दिसते, तेव्हा तिला स्वतःची दोन मुलं आहेत. मग १८७० मध्ये शेजारच्या काऊंटीत त्या नावाची, त्या वयाची बाई आहे, शेजारी ते सासरचं घराणं आहे. चतुःसीमा जुळते. पण एवढ्यावर तीच ती असं मी लिहिलं नाही, संभव म्हणून लिहिलं. तिच्या आईचं काय झालं ते मात्र स्पष्ट आहे. इंडियानात गुलामगिरीला १८१६ च्या संविधानाने बंदी होती. विधवा मुलाबरोबर तिकडे निघाली, आणि ज्या वहीत १८३१ चं जमिनीचं विक्रीपत्र आहे, त्याच वहीत दोन पानं पुढे त्या बाईचं विक्रीपत्र आहे. जमीन गेली तशी ती गेली. पेन्शनसाठी बायबलची पानं फाडणारी ती म्हातारी, जिच्यासाठी आम्ही दोघी रडलो होतो, तिचीच खूण त्या कागदावरही आहे.

ही चारही नावं, वह्या आणि पानांसकट, मी टेनेसीतल्या आफ्रिकन अमेरिकन वंशशोधकांच्या हाती दिली आहेत. ज्यांची ती माणसं आहेत त्यांना १८७० च्या भिंतीपलीकडे जायला असाच कागद लागतो, आणि तो बहुतेकदा आमच्यासारख्यांच्या पेट्यांत पडलेला असतो. जे कुणी अमेरिकेत असं काम करत असतील त्यांना माझी कळकळीची विनंती आहे: मृत्युपत्रात अशी नावं दिसली तर पान उलटून पुढे जाऊ नका, उतरवून घ्या.

व्हर्जिनिया त्यामानाने सोपं गेलं. ग्रीन काऊंटीतली जमीन घेताना १७९७ च्या खतात घेणाऱ्याचा पत्ता दिला होता, व्हर्जिनियातली रॉकिंगहॅम काऊंटी, म्हणून पुल आपोआप बांधला गेला. रॉकिंगहॅमच्या न्यायालयाचे कागद यादवी युद्धात, १८६४ साली, जळाले. काही वह्या कडा करपलेल्या अवस्थेत उरल्या. अशाच एका करपलेल्या पानावर जमीन विकल्याची नोंद आहे आणि बायकोला नवऱ्यापासून बाजूला घेऊन, तिची संमती खुषीची आहे ना, असं विचारल्याचं लिहिलं आहे. विधवेच्या हक्कासाठी तो कायदाच होता, आणि कितीतरी बायकांची नावं जगाला कळतात ती एवढ्या एका ओळीतून. बाकी भगदाड भरलं करयाद्यांनी. १७८२ पासून दरवर्षीच्या यादीची एक प्रत रिचमंडला जायची, म्हणून ती वाचली. पुढे पुढे त्यांत सोळा वर्षांवरचे पुरुष आणि घोडे मोजायचे. एका वर्षी बापापुढे एकाचे दोन पुरुष झाले की समजायचं, पोरगा सोळाचा झाला.

एक गोष्ट मात्र डोक्यात पक्की ठेवावी लागते, ती म्हणजे माणूस जागेवर असतो आणि हद्दी हलतात. १७७८ च्या आधी रॉकिंगहॅम नव्हतीच, सगळी ऑगस्टा काऊंटी. त्यामुळे १७६२ चा बाप्तिस्मा ऑगस्टाच्या कागदांत. ग्रीन काऊंटीत तर ज्याच्याकडून यांनी जमीन घेतली तो शेतकरी अंगणातून न हलता आधी नॉर्थ कॅरोलिनात होता, मग १७८४ पासून चारेक वर्षं टिकलेल्या फ्रँकलिन नावाच्या राज्यात, मग संघराज्याच्या दक्षिण-पश्चिम प्रदेशात आणि १७९६ पासून टेनेसीत. आबा म्हणाले, "आपलं नाही का, आधी सातारा संस्थान, मग मुंबई इलाखा, मग द्वैभाषिक, मग महाराष्ट्र. बांध तोच." तारखांचंही तसंच. १७५२ च्या सप्टेंबरात इंग्रजांनी पंचांग बदललं, २ तारखेनंतर थेट १४ उजाडली, आणि त्याआधी त्यांचं वर्ष २५ मार्चला सुरू व्हायचं. जुन्या कागदात फेब्रुवारीपुढे दोन सालं दिसतात ती त्यामुळे.

पेन्सिल्व्हेनियापर्यंत मी पोचले, पण तिथे पाऊल दबकतच टाकलं. १७२७ पासून फिलाडेल्फियाला उतरणाऱ्या जर्मनांपैकी सोळा वर्षांवरच्या पुरुषांना राजनिष्ठेची शपथ घ्यावी लागे, आणि त्या याद्या शिल्लक आहेत. रॉटरडॅमहून निघायचं, बहुतेकदा इंग्लंडच्या काऊझ बंदरात थांबायचं, मग अटलांटिक. इंग्रज लेखनिक कानाला येईल तसं लिहायचा. आमचं आडनाव मला अकरा प्रकारे लिहिलेलं मिळालं. आमच्या नावाचे तिघे वेगवेगळ्या जहाजांवर आहेत. तिघांपैकी एकाच्या वरखाली जी नावं आहेत, त्यांतली दोन पुढे लँकेस्टर काऊंटीत शेजारी म्हणून येतात आणि एक १७६२ च्या त्या बाप्तिस्म्याला साक्षीदार म्हणून उभं आहे. तो आमचा, असं मला वाटतं. तीन भावांची कथा मात्र कुठेच उभी राहत नाही. बायका-मुलं त्या यादीत नाहीतच, त्यामुळे पहिली आई कोणत्या जहाजातून आली ते त्या कागदांना माहीत नाही.

सगळी साखळी लावून मी आबांना वाचून दाखवली, इंडियानापासून मागे. त्यांनी शेवटपर्यंत ऐकलं आणि तलाठ्याचा प्रश्न विचारला: "आणि त्याच्या आधी? मूळ खातेदार कोण?" मी म्हटलं, नोलिचकीकाठी पहिली वसाहत करणाऱ्या जेकब ब्राऊनने चेरोकींकडून जमीन आधी भाड्याने, मग १७७५ साली विकत घेतली. पण अशा खासगी खरेदीला इंग्रजांच्या १७६३ च्या जाहीरनाम्याने बंदी होती. "म्हणजे पहिला फेरफारच टिकत नाही," आबा म्हणाले. इंडियानाचं विचारलं, तर १८१८ च्या सेंट मेरीजच्या तहांनी लेनापे आणि मायामी या मूळनिवासी लोकांनी सोडलेली जमीन. घराण्याची जी वही मी सासूबाईंना बांधून दिली, तिच्या पहिल्या पानावर आबांचा हा प्रश्न आणि त्याचं उत्तर आहे. दुसऱ्या पानावर ती चार नावं. आमची माणसं तिसऱ्या पानापासून सुरू होतात. हा क्रम सासूबाईंनी लावला.

गेल्या ऑक्टोबरात त्यांना घेऊन मी लिक क्रीकला गेले. होकायंत्राची उत्तर दोनशे वर्षांत सरकते, म्हणून आराखडा थोडा फिरवून आजच्या नकाशावर बसवला होता. सध्याच्या मालकांनी आत जायला परवानगी दिली. सकाळचे नऊ, तिकडे साडेसहा संध्याकाळचे, आबा फोनवर. पांढरा ओक अर्थातच नाही. ओढ्याचं वळण आहे, चुनखडीतून फुटणारा झरा आहे, तो खतात 'मोठा झरा' म्हणून लिहिला आहे. सासूबाई झऱ्याशी वाकल्या, पाण्यात हात घातला आणि म्हणाल्या, "ती बाई पाणी इथूनच नेत असणार." कुठली बाई ते मी विचारलं नाही.

"ओढा पूर्वेला आहे का?" आबांनी विचारलं.

"आहे."

"दक्षिणेला?"

"चढ आहे, वर झाडी."

"पश्चिमेचं नीट दिसत नाही. फोन जरा फिरव."

मी फोन फिरवला. गवत कापून गुंडाळून ठेवलेलं रान होतं आणि त्याच्यामागे डोंगराची निळी रांग. आबांनी चष्मा वर केला आणि कागदावर टिंब दिलं.